देवघेव टेबलावरचं डेबियन

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे रोजच्या वापरात नऊ संगणक आहेत. दोन देवघेव टेबलावर, एक माझ्याकडे, एक कार्यालयात, तीन अभ्यासिकेत, बालविभागात एक जुनं नेटबुक आणि आतल्या खोलीत सर्व्हर. नऊच्या नऊ संगणकांवर डेबियन आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली. ते बसवण्यापासून सांभाळण्यापर्यंत सगळं मी आणि देवघेव बघणाऱ्या ताई मिळून करतो. आजूबाजूच्या वाचनालयांतून ‘तुम्ही हे कसं जमवलंत’ असे फोन येतात. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

सुरुवात सर्व्हरपासून झाली. त्याआधी ग्रंथसूचीचं सॉफ्टवेअर बाहेरून विकत घेतलेलं होतं. दरवर्षी देखभालीचा करार व्हायचा. पुढे ते देणाऱ्यांनी धंदाच बंद केला. पुस्तकांच्या नोंदी त्यांच्या साच्यात अडकल्या आणि त्या बाहेर काढून देण्यासाठी वेगळे पैसे मागितले गेले. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा मी एवढंच विचारलं की दाखल रजिस्टर आपण कधी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कुलपात ठेवू का? मंडळाला ते पटलं. पण कार्यवाहांनी लगेच विचारलं, “मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण बिघडलं तर बोलवायचं कुणाला?”

प्रश्न अगदी रास्त होता. गेली काही वर्षं मी जे काही शिकले, ते याच प्रश्नाचं उत्तर द्यायला.

सूचीसाठी आम्ही कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर निवडलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ते लिहिलं गेलं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे वापरात आलं. आज जगभरातली ग्रंथालयं ते वापरतात. कोहाची अधिकृत पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार गठ्ठे, डेबियनसाठीच बनतात, त्यामुळे सर्व्हरवर डेबियन येणं ओघानंच आलं. वापरत गेले तसा मला त्याचा स्वभाव आवडत गेला. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून तो कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. त्यांची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे कोचीत भरली होती. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात आणि त्यावर आणखी दोन वर्षं दीर्घ मुदतीच्या आधाराची. एकूण पाच वर्षं. वाचनालयाच्या चालीला हा वेग बरोबर बसतो.

बाकीच्या संगणकांचं निमित्त मात्र वेगळं. बालविभागातलं नेटबुक सोडलं तर ते सगळे वापरलेले म्हणून घेतलेले, इंटेलच्या चौथ्या पिढीतले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे उत्तम चालणारे संगणक भंगारात काढायचे आणि अनुदानातला पैसा नव्यांवर घालायचा. तोच पैसा पुस्तकांवर गेला पाहिजे असं मला ठामपणे वाटत होतं. प्रत्येक संगणकात एकेक एसएसडी टाकली, रॅम होती तेवढीच ठेवली आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेली डेबियनची बारावी आवृत्ती, बुकवर्म, सगळीकडे बसवली.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात आता अवघड काही उरलेलं नाही. पूर्वी वायफायच्या चिपसाठी फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं शोधून पेनड्राइव्हवर घ्यावं लागायचं. डेबियनच्या मंडळींनी २०२२ मध्ये मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि बुकवर्मपासून तो त्रास संपला. इन्स्टॉलर मराठीतूनही चालतो. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई घेतला, चार जीबीच्या संगणकावर तो हलका पडतो. मेन्यूची भाषा इंग्रजी ठेवली, कारण काही अडलं की पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा शोधता येतो.

खरं काम मराठीचं होतं.

ताईंचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. डेबियनमध्ये आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून गमभन, मिंग्लिश, फोनेटिक अशा बऱ्याच पद्धती मिळतात, आणि अभ्यासिकेतली मुलं त्याच वापरतात. पण सूचीचं काम रोज तासन्‌तास करायचं असेल तर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी शिकून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जे वर र, शिफ्टसकट ऱ. एन वर ल, शिफ्टसकट ळ. सुरुवातीला ताई वैतागल्या. दिवाळी अंकांच्या नोंदी करायला बसल्या आणि तो गठ्ठा संपेपर्यंत त्यांना कीबोर्डकडे बघावं लागेनासं झालं होतं.

आणि मग स्कॅनरचा घोळ समोर आला. पुस्तकावर दाखल क्रमांकाचा बारकोड असतो. स्कॅनर तो वाचतो आणि संगणकाला असं भासवतो की कुणीतरी कीबोर्डवर आकडे टाइप केले. ताई मराठीत वर्गणीदाराचं नाव शोधत असायच्या, तेवढ्यात पुस्तक पुढे यायचं, स्कॅनर टिक करायचा आणि कोहा म्हणायचं की असं पुस्तकच नाही. पुस्तक हातात, नोंद सूचीत, आणि पडद्यावर नकार. वर्गणीदार समोर उभे.

मी नुसता मजकुराचा संपादक उघडून त्यात बारकोड मारून बघितला, तेव्हा कारण कळलं. मराठी मांडणी चालू असताना आकड्यांच्या कळाही देवनागरी आकडे देतात. कोहात दाखल क्रमांक होता इंग्रजी आकड्यांत, आणि स्कॅनरकडून येत होता ‘४१२०७’. मशीनच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं. दर वेळी मांडणी बदलायची हा उपाय गर्दीच्या वेळी टिकत नाही. उपाय असा सापडला की प्रत्येक जोडलेल्या उपकरणाला स्वतःची मांडणी देता येते. ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते, त्यात स्कॅनर वेगळा दिसतो, त्याचा क्रमांक घ्यायचा आणि ‘सेटएक्सकेबीमॅप’ला सांगायचं की या क्रमांकाच्या उपकरणासाठी मांडणी कायम अमेरिकन इंग्रजी. हा क्रमांक दर वेळी तोच राहील याची खात्री नसते, म्हणून नावावरून क्रमांक शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट केली आणि लॉगिन झालं की ती आपोआप चालेल अशी सोय केली. आता ताई मराठीत लिहीत असल्या तरी स्कॅनर इंग्रजीत आकडे देतो. या चार ओळी मी आतापर्यंत जितक्या वाचनालयांना पाठवल्या, तितकं दुसरं काही पाठवलेलं नाही.

दुसरा गुंता याहून खोल होता. वाचक ‘वाऱ्या’ असं लिहून शोधायचे आणि आहेत त्यातली निम्मीच पुस्तकं सापडायची. पडद्यावर दोन्हीकडे शब्द हुबेहूब सारखा. पण युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेल्या नोंदी दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या, ताईंनी इन्स्क्रिप्टवर केलेल्या पहिल्या तऱ्हेच्या. ‘ॲ’चंही तसंच, कुठे एकसंध अक्षर, कुठे अ वर चंद्र दिलेला. मी सगळ्या नोंदी मार्क-एक्सएमएल या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात उतरवून घेतल्या, मजकूर शोधून बदलणाऱ्या ‘सेड’ या आज्ञेनं एकच तऱ्हा ठेवली, परत भरल्या आणि ‘कोहा-रिबिल्ड-झेब्रा’ चालवून सगळी अनुक्रमणी नव्यानं बांधली. झेब्रा हे कोहातलं शोधयंत्र. त्याला देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोडच्या साधनाची शब्दतोड वापरायला सांगावं लागतं, मूळची मांडणी रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून केलेली आहे. हे एकदा केलं आणि शोध नीट लागायला लागला. त्या आठवड्यात एका आजोबांनी कित्येक वर्षं ‘नाही’ म्हणून ऐकलेलं पुस्तक सूचीत बघितलं आणि तिसऱ्या माळ्यावरच्या कपाटातून ते त्यांना काढून दिलं. मला झालेला आनंद अजून आठवतो.

फॉन्टचंही दोन शब्दांत सांगते. आपला ल आणि आपला श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो आणि बालविभागाच्या फलकावर तो आपलाच असला पाहिजे, हा माझा आग्रह. डेबियनमध्ये लोहित या फॉन्टचं मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहितची निगा बरीच वर्षं राखली. लिब्रऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, की नोटोसारखे फॉन्टही आपोआप मराठी वळण देतात.

अभ्यासिकेतले तीन संगणक ही वेगळीच जबाबदारी आहे. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. अर्ज भरायचा, प्रवेशपत्र काढायचं, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवायच्या. या अर्जांत आधार क्रमांक असतो, बँकेचा तपशील असतो. एकानं भरलेलं दुसऱ्याला दिसणं मला मान्य नव्हतं. म्हणून त्या संगणकांवर ‘वाचक’ नावाचं एकच खातं आहे. प्रत्येक लॉगिनच्या वेळी ‘आरसिंक’ हा फायली जुळवणारा प्रोग्राम त्या खात्याचं घर, म्हणजे त्याच्या फायलींची जागा, एका कोऱ्या नमुन्यावरून पुन्हा लिहून काढतो. मागचं जे असेल ते पुसलं जातं. फायरफॉक्सला धोरणाच्या फाइलमधून सांगितलेलं आहे की बंद होताना सगळा इतिहास आणि सगळे पासवर्ड विसरायचे. मुलांनी पेनड्राइव्ह आणायचा, हे भिंतीवर ठळक लिहिलेलं आहे.

तिथली एक सोय मला फार प्रिय आहे. अर्जाला फोटो आणि सही लागते, आणि फाइल अमुक केबीच्या आतच हवी असते. त्यासाठी मुलं आधी बाहेर पैसे देऊन फोटो लहान करून आणायची. एक्सएफसीईच्या फाइल-मॅनेजरमध्ये, थुनारमध्ये, उजव्या क्लिकच्या यादीत आपल्या आज्ञा घालता येतात. तिथे मी ‘फोटो ५० केबीच्या आत करा’ अशी एक ओळ घातली. मागे इमेजमॅजिक चालतं, त्याला फाइलची कमाल मर्यादा सांगितली की ते दर्जा कमी-जास्त करून तेवढ्यात बसवतं. सहीसाठी ‘२० केबीच्या आत’ अशी दुसरी ओळ. मुलं एकमेकांना दाखवतात, मला विचारायलाही येत नाहीत.

रोजचं प्रशासन म्हणाल तर सकाळी वाचनालय उघडल्यावर चहा येईपर्यंत होतं. सुरक्षा-दुरुस्त्या ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ आपोआप बसवतं. मी माझ्या संगणकावरून एसएसएचनं, म्हणजे दुरून काम करण्याच्या सोयीनं, सर्व्हरवर जाते, डिस्क किती भरली ते बघते, रात्रीचा बॅकअप झाला का ते बघते आणि ‘जर्नलसीटीएल’ला फक्त चुकांच्या नोंदी दाखवायला सांगते. लाइट गेली असेल तर त्याआधीच्या सत्राच्या नोंदीही बघते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, पण ईएक्सटी४ ही डिस्कवरची फाइल-व्यवस्था आपली नोंदवही वाचून स्वतःच सावरते आणि सर्व्हरला यूपीएस आहे.

हे रोज बघण्याचा उपयोग होतो का? होतो. अभ्यासिकेतल्या एका संगणकात दुसरी जुनी हार्डडिस्क शिल्लक होती, प्रश्नपत्रिकांचा साठा तिच्यावर. एका सकाळी नोंदींमध्ये डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘स्मार्टडी’ची ओळ दिसली: ८ करंटली अनरीडेबल सेक्टर्स, म्हणजे डिस्कचे आठ तुकडे वाचता येत नाहीत. संगणक वापरणाऱ्याला काहीही जाणवत नव्हतं. त्याच दिवशी सगळा साठा सर्व्हरवर घेतला. पुढच्या आठवड्यात ती डिस्क खरखर करायला लागली आणि गेली. मुलांची एकही प्रश्नपत्रिका गेली नाही. कार्यवाहांना मी ती छापील ओळ दाखवली. म्हटलं, काका, बिघडायच्या आधीच मशीन सांगतं, फक्त रोज विचारायला हवं.

बॅकअपबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. कोहा रोज रात्री आपणहून बॅकअप घेतं, पण मूळ मांडणीत ते फक्त शेवटच्या दोन दिवसांचे ठेवतं आणि तेही त्याच सर्व्हरवर. कितीतरी जणांना वाटतं की बॅकअप होतोय, म्हणजे झालं. आम्ही तो रोज दुसऱ्या संगणकावर उतरवतो आणि आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर घेतो. ती डिस्क वाचनालयात राहत नाही, कार्यवाहांच्या घरी असते. आणि दर तिमाहीला त्या डिस्कवरून एका चाचणीच्या संगणकावर सगळं परत उभं करून बघतो. परत उभं करून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आता तेराव्या आवृत्तीची हकिगत. ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आली. आम्ही गणपती, नवरात्र जाऊ दिलं. मधल्या काळात मी प्रकाशन-टिपणं वाचली. ही टिपणं म्हणजे डेबियनचं खरं वैभव. काय बदललं, काय मोडू शकतं आणि ते मोडल्यास काय करायचं, हे सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं. वाचताना आमच्यापुरते मुद्दे वहीत उतरवले.

पहिला मुद्दा बालविभागातल्या नेटबुकचा. ते ३२ बिटचं. तेराव्या आवृत्तीत तशा संगणकांसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही, म्हणजे प्रणालीचा गाभाही, नाही. मग ते बाराव्यावरच ठेवायचं ठरलं. त्यावर मुलं चित्रं काढतात आणि शब्दकोडी सोडवतात, नेटला ते जोडलेलंच नाही.

दुसरा मुद्दा तात्पुरत्या फायलींचा. तेराव्यात ‘टेंप’ ही निर्देशिका डिस्कवर न राहता रॅममध्ये राहते आणि निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकते. कार्यालयातल्या संगणकावर आम्ही जुनी दाखल रजिस्टरं स्कॅन करतो. पानं मोठी, प्रत जाडजूड, आणि तो प्रोग्राम प्रत्येक पान आधी टेंपमध्येच टाकतो. चार जीबीच्या संगणकावर ते अडकणार हे उघड होतं. उपायही टिपणांतच होता: ‘सिस्टमसीटीएल’ला सांगून ‘टेंप डॉट माउंट’ झाकून टाकायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. तेवढ्या एका संगणकावर ते केलं, बाकीच्यांवर नव्या पद्धतीनंच राहू दिलं.

सोमवारी वाचनालय बंद असतं. ताई आणि मी देवघेवच्या दुसऱ्या संगणकापासून सुरुवात केली, म्हणजे अडलंच तर मंगळवारी पहिल्यावर काम चालेल. नेट आमच्याकडे बेताचं, म्हणून सर्व्हरवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवलेलं आहे. एका संगणकानं उतरवलेलं पॅकेज तिथे साठतं आणि बाकीचे संगणक ते तिथूनच घेतात. पहिल्या संगणकाला वेळ लागला, पुढचे भराभर झाले.

क्रम असा. आधी बाराव्याच्याच सगळ्या दुरुस्त्या बसवून घेतल्या. रोखून ठेवलेलं एखादं पॅकेज आहे का, अर्धवट बसलेलं काही आहे का, ते तपासलं. बाहेरून जोडलेले स्रोत बंद केले. मांडणीच्या सगळ्या फायली असलेली ‘ईटीसी’ निर्देशिका आणि पॅकेजांची यादी सर्व्हरवर ठेवली. ‘स्क्रिप्ट’ आज्ञा चालू केली, म्हणजे पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ एका फाइलमध्ये उतरत राहते. मग स्रोतांच्या फाइलमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहिलं. पॅकेजांची यादी ताजी करायला ‘ॲप्ट अपडेट’. त्यानंतर थेट मोठी उडी न घेता आधी नवीन पॅकेज न आणता होईल तेवढंच अपग्रेड आणि मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. काय काय काढून टाकणार याची यादी येते, ती मी नेहमी मोठ्यानं वाचते आणि ताई वहीशी ताडतात. यादीत कामाचं काही नव्हतं. मी वाय दाबलं.

मध्येच ते थांबलं. एका सेवेची मांडणी-फाइल आम्ही बदललेली होती आणि नव्या पॅकेजसोबत तिची नवी प्रत आली होती. पडद्यावर प्रश्न: तुमची ठेवू की आमची घालू? खाली पर्यायांची यादी, आणि काही न निवडल्यास आपली तशीच राहते. घाईत एंटर दाबून पुढे जाणारे खूप असतात. मी फरक दाखवण्याचा पर्याय निवडते. मग दोन्ही फायलींतला फरक ओळीनं दिसतो, उणे चिन्हाच्या ओळी जुन्या, अधिकच्या नव्या. ती फाइल ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ची होती. आमच्या त्यात दोनच ओळी: दुरुस्त्यांनंतर गरज पडल्यास रात्री दोन वाजता संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा. बाकीचा सगळा फरक मूळ लेखकांनी केलेला. मी त्यांची नवी प्रत घेतली आणि आमच्या ओळी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, त्याच निर्देशिकेत, पुढचा क्रमांक देऊन लिहिल्या. आता पुढच्या आवृत्तीला हा प्रश्न येणारच नाही. ताईंनी वहीत लिहून ठेवलं: ‘मूळ फाइलला हात लावायचा नाही, आपलं वेगळ्या फाइलमध्ये’.

संगणक पुन्हा सुरू केला. कर्नल ६.१२ आला. जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेन्यूच्या, प्रगत पर्यायांत तसाच ठेवलेला होता, नवा रुसला तर त्यावरून उठता आलं असतं. त्याची गरज पडली नाही. मग तपासणी: स्कॅनर, मराठी मांडणी, वर्गणीची पावती, कोहाचं पान, अर्धा र. एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड या पडदा आणि कीबोर्ड हाताळणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी प्रायोगिक सोय आली आहे, पण नेहमीचं सत्र अजून एक्स११ या जुन्या व्यवस्थेवरच चालतं, त्यामुळे स्कॅनरची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालली. शेवटी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ आणि ‘ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’. त्यानं स्रोतांची फाइल नव्या, वाचायला सोप्या स्वरूपात लिहून दिली.

दूरवरून, घरी बसून हे करायचं नाही, हा आमचा नियम. छोटी कामं मी घरून एसएसएचनं करते, तीही टीमक्समध्ये, म्हणजे मध्येच नेट गेलं तरी काम सुरू राहतं. आवृत्ती बदलताना मात्र माणूस यंत्रासमोर हवा. मंगळवारी सकाळी वर्गणीदार आले, पुस्तकं घेऊन गेले. काही बदललंय हे कुणाला कळलं नाही. पुढच्या सोमवारी अभ्यासिका आणि कार्यालय उरकलं. तेव्हा यादी वाचायचं काम ताईंनी केलं आणि वाय त्यांनीच दाबलं.

काय जमत नाही तेही सांगायला हवं. डिजिटल सहीच्या टोकनसाठी काही संकेतस्थळं विंडोजवरच चालणारा प्रोग्राम मागतात. त्या कामासाठी आम्ही लेखापालांच्या कार्यालयात जातो, हिशेबही त्यांच्याकडेच होतो. मॅक्रो घातलेले एक्सेलचे तक्ते लिब्रऑफिसमध्ये कधी चालतात, कधी नाही. अनुदानाच्या अहवालासाठी असा एक तक्ता येतो, त्यात आकडे भरता येतात पण त्यातलं बटण चालत नाही, बेरजा आपण कराव्या लागतात. सरकारी पैशानं चालणाऱ्या संस्थांना असा तक्ता पाठवणं चूक आहे असं मला वाटतं आणि मी ते लेखी कळवलंही आहे. जुन्या फॉन्टमधले आमचे वार्षिक अहवाल अजून पूर्ण युनिकोडमध्ये आलेले नाहीत. रूपांतर करणारे प्रोग्राम जोडाक्षरांत अडखळतात, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. ते काम सुट्टीत अभ्यासिकेतली दोन मुलं करतात. त्यातल्या एकानं स्वतःच्या लॅपटॉपवरही डेबियन घातलं आहे आणि आता आयबसच्या मराठी मांडणीतली एक चूक कळवायला तो डेबियनच्या चूक-नोंद यंत्रणेसाठी इंग्रजीत मजकूर लिहितो आहे. आम्ही तो तपासून देतो.

सर्व्हर अजून बाराव्या आवृत्तीवर आहे आणि ते मुद्दामच. त्यावर कोहा, त्याचा माहितीसाठा सांभाळणारं मारियाडीबी आणि सगळी सूची आहे, घाई करण्यासारखं काही नाही. बुकवर्मला नेहमीच्या दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत आणि दीर्घ मुदतीच्या त्यानंतर आणखी दोन वर्षं मिळणार आहेत. दर मे महिन्यात आमची ग्रंथपडताळणी असते, तेव्हा काही दिवस देवघेव बंद असते. सर्व्हर हलवायचा तो त्याच दिवसांत, असं ताईंचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं आहे. चाचणीच्या संगणकावर बाहेरच्या डिस्कवरून कोहा उभं करून झालं आहे. आता त्याच्यावर तेरावी आवृत्ती चढवायची, मग शोध, देवघेव, पावती आणि स्कॅनर एवढं ताई तपासतील, आणि मंडळाच्या बैठकीत तारीख मागून घेऊ.